पाखरांसाठी संत्र्याचं झाड

आमच्या घरात पिंजऱ्याचं दार उघडण्याची एक ठरलेली पद्धत आहे. बायको आधी पंख्याच्या बटनाशी जाते, बोटानं चाचपून पाहते आणि मोठ्यानं म्हणते, "बंद." मग मी जातो, तेच बटन चाचपतो आणि म्हणतो, "बंद." त्यानंतरच दाराची कडी निघते. पाती फिरत नाहीत म्हणजे पंखा बंद आहे, असं आम्ही धरत नाही. पाती पाहायची नाहीत, बटन पाहायचं.

ही पद्धत अमरावतीत सुरू झाली. तिथं आम्ही भाड्यानं राहत होतो आणि आमच्याकडे एकच पक्षी होता. दुकानदार या जातीला कॉकटेल म्हणतात. पोपटाच्या कुळातला, पण परदेशी. साळुंकीएवढं अंग, लांब शेपूट, डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे. हा पाळता येतो.

त्या दुपारी वीज गेली होती. पंखा थांबला होता. बायकोनं पिंजरा उघडला. पक्षी उडाला आणि पंख्याच्या पात्यावर जाऊन बसला. खोलीत उंच अशी बसायची दुसरी जागा नव्हती आणि या पक्ष्यांना उंचच बसायचं असतं. बायको खाली उभी राहून त्याला शीळ घालत होती. तोही वरून शीळ घालत होता. तेवढ्यात वीज आली. बटन चालूच राहिलेलं होतं.

ते चालू कुणी ठेवलं, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही आणि नंतरही नाही.

पुढे मी ज्या वर्तमानपत्रात बातम्यांच्या टेबलावर काम करत होतो, त्यानं मला अकोल्याला पाठवलं. नोकरी संपली तरी आम्ही अकोल्यातच राहिलो. घर स्वतःचं, मागे थोडं अंगण, अंगणात बायकोनं लावलेला पेरू. पक्षी पुन्हा आणायचा नाही, हे तिनं सांगितलेलं होतं. पण शहर सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाला त्यांची कॉकटेलची जोडी कुणाला तरी द्यायची होती. बायको नुसती पाहायला म्हणून गेली आणि रिक्षात मांडीवर पिंजरा घेऊन परत आली. नर करड्या रंगाचा, मादी पिवळी. त्यांना आम्ही करडा आणि पिवळी असंच म्हणतो.

पहिल्याच दिवशी दार उघडल्यावर करडा सरळ उडाला आणि पंख्याच्या पात्यावर जाऊन बसला.

बायकोनं मान वर करून पाहिलं. ती चालत बटनापर्यंत गेली आणि त्याच्यावर तळहात ठेवून उभी राहिली. बटन बंद होतं. दोघांनी ते तपासलेलं होतं. तरी करडा खाली येईपर्यंत तिनं हात काढला नाही. मग हे रोजचं झालं. पक्षी बाहेर असले की ती बटनाशी उभी. उन्हाळा जवळ येत होता. अकोल्याच्या उन्हाळ्यात बंद पंख्याखाली दुपार काढणं सोपं नसतं, आणि पक्ष्यांना दिवसभर पिंजऱ्यात कोंडणंही तिला मान्य नव्हतं.

शेजारच्या काकू भिंतीवरून हे सगळं पाहत. त्यांचा उपाय साधा होता.

"पंखच कापून टाका न त्याचे. न रहेगा उडना, न रहेगी चिंता."

"तुमच्या नातवाचे पाय बांधता का काकू, रोडवर जाते म्हणून?" बायको म्हणाली.

"बांधले असते वं, पन सून हाये न घरात."

पंख कापायचे नाहीत, तर पंख्यापेक्षा चांगली जागा त्यांना द्यावी लागेल, एवढं मात्र त्या बोलण्यातून निघालं. झाडासारखं काहीतरी. खोलीच्या कोपऱ्यात, पंख्यापासून लांब, स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब, उंच, फांद्यांचं, चोच मारायला साल असलेलं. बाजारात असे स्टँड मिळतात. बायकोनं ते पाहिले. एकाला चकचकीत रंग होता, दुसऱ्याला जस्ताच्या मुलाम्याची तार. दोन्ही तिनं नाकारले. कॉकटेल दिसेल ते कुरतडतो. रंग पोटात जातो, जस्तही पोटात जातं.

मग स्टँड घरीच करायचं ठरलं. त्यातली प्रत्येक वस्तू आधी बायकोच्या हाताखालून जायची आणि बहुतेक वस्तू नापास व्हायच्या. बैठकीसाठी जुना सागवानी चौरंग होता, पण त्याच्यावर पॉलिश होतं. मी ते घासून काढलं, लाकूड दिसेपर्यंत. खिळे नकोत, कारण डोकी वर येतात. खालून स्क्रू, तेही स्टेनलेस स्टीलचे आणि लाकडाच्या आत संपणारे. सरस नको. दाण्या-पाण्याच्या वाट्या स्टीलच्या. खेळायला सुती दोरी हवी होती, आणि दोरीची भीती वेगळीच. तिचे धागे सुटले की पक्ष्याची नखं त्यात अडकतात, तो ओढतो, पाय मोडतो. बायकोनं दोरी आखूड कापली, टोकांना घट्ट गाठी मारल्या आणि गाठीपुढचे धागे नखकात्रीनं साफ केले. रोज सकाळी ती दोरी बोटांतून फिरवून पाहायची, असंही ठरलं.

राहिलं लाकूड. आमच्याकडे लाकूड म्हटलं की आधी पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या काड्या कुठल्याही वावरातून भारे भरून मिळतात. तिनं ऐकूनही घेतलं नाही. "पऱ्हाटीवर काय काय मारतात ते तुमीच छापत होते न पेपरात?" लाकडं कापणाऱ्या आरामशीनवरचे तुकडे नकोत, कुठून आले ते माहीत नाही. बाभळीला काटे. रस्त्याच्या कडेची फांदी नको, गाड्यांचा धूर. शेवटी तिला तिचा धाकटा भाऊ आठवला.

तिचं माहेर वरूडकडचं. भावाची संत्र्याची बाग आहे. बागेतलं एक जुनं झाड वाळलं होतं आणि त्यानं ते तोडलं होतं. तिनं फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून स्पीकर सुरू केला.

"त्या झाडाले फवारलं तं नाही न काही?"

"नाही वं ताई. वाळून राहिलं होतं ते. वाळल्या झाडाले कोन फवारते?"

"पक्कं?"

"अवं, घरचं झाड हाये. तुया पाखराले का मी जहर देईन?"

"कधीपासून नाही फवारलं?"

"त्या रांगेले साल झालं अशीन. आता का शपथ घेऊ?"

तो खोटं बोलत नव्हता. हे इथं स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढे त्यानं ते पुन्हा पुन्हा सांगितलं आणि ते खरंच होतं. वर्षभर त्या झाडावर फवारणी झालेली नव्हती.

माल घेऊन तो अमरावतीला येणार होता. मी तिथं जाऊन लाकूड घेतलं. संत्र्याच्या कॅरेटांवर त्यानं ते दोरीनं बांधून आणलं होतं. लाकूड निवडताना त्यानं विचार केला होता. वरच्या बारीक फांद्या न आणता त्यानं खोडाजवळचा, जिथून तीन फांद्या फुटतात तो भाग करवतीनं कापून आणला होता. "भाऊजी, हे पाहा. आयतं झाड हाये. खाली खिट्टी मारली का झालं." तसंच होतं. एक फांदी मनगटाएवढी, एक अंगठ्याएवढी, एक वळून वर गेलेली. वेगवेगळ्या जाडीवर बसलं की पक्ष्यांचे पाय दुखत नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. बेचक्यात सालीच्या भेगा होत्या आणि भेगांमध्ये फिकट हिरवट-निळसर काहीतरी. जुन्या झाडांवर चढतं तसं शेवाळ असावं, असं वाटलं.

बायकोनं लाकूड गरम पाण्यात ब्रशनं घासलं. मग गच्चीवर उन्हात ठेवलं, रोज उलटून. नाकाजवळ नेऊन वास घेतला. संत्र्याचा मंद वास होता. तिनं तो मलाही घ्यायला लावला.

स्टँड उभं राहिलं तेव्हा काकू पाहायला आल्या.

"एवढा पलंग तं सूनबाईच्या लग्नातही कोनी नाही केला," त्या म्हणाल्या. "झोपा तुमी खाली, पाखरं झोपू द्या वर."

बंद, बंद, आणि दार उघडलं. करडा उडाला. पंख्याखालून गेला. वळला. आणि संत्र्याच्या वळलेल्या फांदीवर उतरला. पिवळी त्याच्यामागून येऊन दोरीवर बसली. बायको बटनाशी उभी होती. तिचा हात हळूहळू खाली आला. मग ती खुर्चीवर बसली. पक्षी बाहेर असताना ती बसली आहे, हे मी अकोल्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढचे दिवस चांगले गेले. पिवळीला दोरी आवडली. करड्याला बेचकं. तो तिथं बसून तासन्‌तास साल काढायचा. त्याच्या चोचीचा कटकट आवाज दुसऱ्या खोलीतही यायचा आणि तो आवाज आला की बायको म्हणायची, "खेळून राहिला." चौरंगावर सालीचा भुसा पडायचा. ती तो झाडून घ्यायची.

मग एका सकाळी कटकट आवाज आला नाही.

करडा फांदीवर होता, पण अंग फुगवून. तुरा पडलेला. डोळे अर्धे मिटलेले. पक्षी फुगून बसला की तो आजारी आहे, आणि तो आजारी दिसतो तेव्हा बराच आधीपासून आजारी असतो. जंगलात दुबळा दिसला की मरण, म्हणून ही पाखरं शेवटपर्यंत लपवतात. हे आम्ही दोघांनी वाचलेलं होतं. दोघांनाही ते त्याच क्षणी आठवलं असावं. खाली चौरंगावर पाण्यासारखी विष्ठा होती. छातीच्या पिसांना ओकलेले दाणे चिकटले होते.

बायकोनं पंख्याच्या बटनाकडे पाहिलं. ते बंद होतं.

"पंखा नाही न," ती म्हणाली. "पंखा तं नाही."

गावात पक्षी पाहणाऱ्या एक डॉक्टर आहेत, तरुण बाई. बाकीचे गाई-म्हशी आणि कुत्री पाहतात. रिक्षात बायकोनं पिंजऱ्यावर ओढणी टाकली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती पिंजरा मांडीवरून उचलून धरत होती. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं आणि काही न विचारता गाडी हळू केली.

डॉक्टरांनी करड्याला टॉवेलमध्ये धरलं. त्यानं चावायचा प्रयत्न केला नाही. हे वाईट असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. वजन केलं. पाहिलं. मग विचारलं, "हा काय कुरतडतो?"

"लाकूड. घरचं हाये," बायको म्हणाली. "फवारलेलं नाही."

"कोणतं लाकूड?"

"संत्र्याचं. भावाच्या बागेतलं."

डॉक्टर थांबल्या. "खोडाचं की फांदीचं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणालो, "खोडाजवळचं."

"घरी जाऊन सालीच्या भेगा उकरून पाहा. निळं काही दिसतंय का. आणि मला फोन करा." त्यांनी त्वचेखाली सुईनं पाणी दिलं, औषध दिलं, उबेत ठेवायला सांगितलं. दुसऱ्या पक्ष्यालाही स्टँडवर जाऊ देऊ नका म्हणाल्या. बायकोनं विचारलं, "वाचते का?" त्यांनी उत्तर दिलं, "आज रात्र गेली तर उद्या सांगते."

घरी आल्यावर मी भाजीचा चाकू बेचक्याच्या भेगेत घातला. शेवाळ समजलेलं ते भुकटीसारखं सुटलं. खाली निळा रंग होता. मोरचुदाचा.

वरूडकडे एसटीनं गेलेल्या कुणालाही हा रंग माहीत असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं आणि प्रत्येक झाडाचं खोड खालून कमरेपर्यंत निळसर पांढरं रंगवलेलं. मोरचूद आणि चुना कालवून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तो लेप खोडाला लावतात, बुरशी लागू नये म्हणून. मोरचुदात तांबं असतं, आणि ते पक्ष्याच्या पोटात गेलं की विष. मी हा रंग लहानपणापासून पाहत आलो. बायको त्यातच वाढली. लहान असताना ती आणि भाऊ डबे घेऊन लेप लावायला जात. या झाडावरचा लेप एका पावसाळ्यात धुऊन गेला होता. दिसत नव्हता. भेगांत तेवढा उरला होता.

आम्ही फवारणीबद्दल विचारलं होतं. लेप म्हणजे फवारणी नव्हे. बागेत कुणी त्याला औषधही म्हणत नाही. दिवाळीला घराला चुना लावतात तसं ते खोडाला लावतात.

मी भावाला फोन केला. स्पीकर सुरू केला नाही.

"लावलं होतं न," तो म्हणाला. "मोरचूद-चुना. ते तं सगळ्याच झाडाईले लावतो भाऊजी. ते का फवारा हाये?"  मग तो म्हणाला, "पाखरू कसं हाये?"

मी सांगितलं.

"ताई कुठं हाये?"

ती पिंजऱ्यापाशी होती. आजारी पक्ष्याला उबेत ठेवायचं, तर अकोल्याच्या चैत्रात वेगळं काही करावं लागत नाही. आम्ही कूलर बंद केला. पंखा तर बंदच होता. पिवळीला दुसऱ्या पिंजऱ्यात घालून पलीकडच्या खोलीत नेलं होतं. ती तिथून हाक मारत होती. एक लांब शीळ, मग थांबायचं, मग पुन्हा. ही दोघं असंच बोलत. एकानं शीळ घातली की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. करडा डोळे मिटून बसला होता. पिवळीची प्रत्येक शीळ संपली की बायको त्याच्या चोचीकडे पाहायची. घामानं तिचा पदर भिजला होता. मी म्हणालो, थोडा वेळ तू बाहेर बस, मी पाहतो. ती म्हणाली, "तुमी गेले आन्‌ काही झालं तं? मी गेली आन्‌ काही झालं तं?" दोघंही बसून राहिलो.

सकाळी तो होता. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की औषध सुरू ठेवायचं, सिरिंजनं पातळ खाऊ द्यायचा, रोज वजन करायचं. मोरचूदच का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "खात्री देता येणार नाही. रक्त तपासायला पाठवण्याइतकं रक्त या जिवात नाही. मी शक्यता सांगतेय." त्यांनी शक्यता हाच शब्द वापरला. पुढेही त्यापेक्षा पक्कं काही कळलं नाही, आणि म्हणून इथंही लिहिता येत नाही.

आम्ही परत आलो तर दारात भावाची गाडी उभी होती. रिकामे कॅरेट मागे तसेच. तो पायरीवर बसला होता. ताईला पाहिल्यावर उठला.

"चप्पल काढ," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की त्याला पुढे वाकावं लागलं.

तो आत आला. जमिनीवर बसला. करड्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

"ताई, मले शिव्या दे."

"हळू बोल."

"दे न पन. घरून निघाल्यापासून वाट पाहून राहिलो मी."

"शिव्या देल्या तं तो घाबरते," ती कुजबुजली. "त्याले मोठा आवाज चालत नाही. डॉक्टरनं सांगतलं."

"मंग हळू दे."

"गधड्या," ती कुजबुजत म्हणाली. "तुले अक्कल नाही. लहानपणी डबा घेऊन आपून दोघं जात होतो. निळे हात घेऊन घरी येत होतो. माय आपल्याले हात धुतल्याबिगर भाकर देत नव्हती."

"तुलेही तं आठोलं नाही," तोही कुजबुजला.

"मलेही नाही आठोलं."

 काकू भिंतीवरून डोकावल्या, "कावून, भाऊ आला अन्‌ आवाजच नाही?" मी ओठांवर बोट ठेवलं. त्या गेल्या आणि थोड्या वेळानं वरण-भात घेऊन आल्या. दारातच ठेवला.  काकू न बोलता परत गेल्या तेव्हा मला खरी भीती वाटली.

भाऊ त्या दिवशी परत गेला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर करड्याचं वजन तोच करायचा. टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा, आकडा वाचायचा आणि तो घसरलेला असला की आधी मला सांगायचा, ताईला नाही. तिला तो आमच्या चेहऱ्यावरून कळायचाच. मग एकदा आकडा घसरला नाही. वाढलाही नाही. आम्ही त्यावर बोललो नाही, बोललो तर घसरेल असं तिघांनाही वाटत असावं.

पिवळी हाक मारतच होती. पण मधल्या काळात तिची हाक कमी झाली होती, जणू तिनं आशा सोडली. त्या दिवशी दुपारी तिनं एकदाच शीळ घातली, सवयीनं घालावी तशी. आणि या खोलीतून उत्तर आलं. शीळ नव्हती ती, घशातला तुटका आवाज होता. बायकोच्या हातातली सिरिंज खाली पडली. तिनं ती उचलली नाही. पलीकडे पिवळीनं पिंजरा डोक्यावर घेतला.

करडा बरा होत गेला, पिवळी त्याच्या पिंजऱ्यात परत आली, तसा स्टँडचा प्रश्न पुन्हा आला. संत्र्याचं लाकूड भावानं कुऱ्हाडीनं फोडून, पोत्यात भरून गाडीत टाकलं होतं. जाळू नको, धूर होईल, एवढंच बायकोनं सांगितलं. नवं स्टँड करायचं की नाही, हे तिचं ठरेना. पक्षी पिंजऱ्यात सुरक्षित आहेत, राहू द्या, असं एकदा म्हणाली. पण करडा पिंजऱ्याच्या दाराशी चढून कडीला चोच लावायचा. तो बाहेर आला तर पंख्याशिवाय बसायला जागा नव्हती. म्हणजे आम्ही जिथून निघालो होतो तिथंच परत आलो होतो.

भावानं अंगणातल्या पेरूकडे बोट दाखवलं. "हे तुवं स्वतःचं झाड हाये न? तूच लावलं. तूच पानी देल्लं. याले काही लावलं का कधी?"

"नाही."

"मंग?"

"मच्छराची धुराची गाडी येते गल्लीत."

ते खरं होतं. तरी तिनं त्याला फांदी तोडू दिली. वरची, गल्लीपासून लांबची. तिनं ती धुतली, घासली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. या वेळी भेगा तिनं दाभणानं उकरल्या, एकेक. चौरंगाला फांदी भावानं बसवली. स्टँड उभं राहिलं आणि तिथंच अडलं. बायको पिंजऱ्याजवळ जाईना.

भावानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तो स्टँडसमोर उकिडवा बसला, फांदीला दातांनी धरलं आणि सालीचा एक तुकडा ओढून काढला. चावू लागला.

"हे का करून राहिला?" ती म्हणाली.

"पाहून राहिलो."

"थुंक ते."

"आधी पाखरू खाईन का आधी मी खाऊ?"

तो चावत राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत राहिलो. माणसाच्या पोटाला काही झालं नाही म्हणजे पक्ष्यालाही होणार नाही, असं नसतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यानं साल गिळली, पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसला. बायको त्याच्या समोर बसली. दुपार तशीच गेली. चहा झाला. काकू येऊन गेल्या आणि दोन मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत का बसली आहेत, हे विचारून गेल्या. 

ऊन उतरल्यावर ती उठली. बटनाशी गेली, चाचपलं. "बंद." मी गेलो. "बंद." मग तिनं भावाकडे पाहिलं. तो उठला, तिसरा म्हणून गेला, त्यानंही बोट लावून पाहिलं. "बंद हाये ताई."

तिनं कडी काढली.

करडा दारात आला. थांबला. तुरा वर झाला. मग उडाला आणि सरळ पंख्याच्या पात्यावर जाऊन बसला.

खोलीत कुणी हललं नाही. बायको मागे मागे गेली आणि तिचा तळहात बटनावर बसला. पक्षी वर, ती खाली. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, अंग झटकलं. त्याचं एक बारीक करडं पीस तरंगत खाली आलं. पिवळी पिंजऱ्यातून बाहेर आली, पेरूच्या फांदीवर बसली आणि शीळ घातली.

तो खाली उतरला. तिच्या शेजारी बसला, फांदीवर सरकत सरकत बेचक्यापाशी गेला आणि सालीत चोच घातली. कटकट आवाज सुरू झाला.

भाऊ माझ्याकडे पाहून हसला. मी बायकोकडे पाहिलं. ती त्या चोचीकडे पाहत होती. सालीचा पहिला तुकडा चौरंगावर पडला, मग दुसरा. तिनं बटनावरचा हात काढला नव्हता.